कोकम सरबताचा मनोरा

“रे जना, तुझी ती ग्लासांची उतरंड खंय मांडूची?” दादानं कार्यालयाच्या दारातून ओरडून विचारलं.

“उतरंड नाय रे, टॉवर! शॅम्पेन टॉवर!” मी टेबलाखालून ओरडलो.

“शॅम्पेन कित्याक म्हणतंस? भितर तर सोलांचा सरबत घालतलंस.”

हा प्रश्न अडचणीचा होता, म्हणून मला ऐकू आला नाही. शिवाय मी कामात होतो. गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ टेबलावर ठेवायची, बुडबुडा कुठे जातो ते बघायचं, मग टेबलाखाली शिरून त्या बाजूच्या पायाखाली पुठ्ठा सरकवायचा, असं माझं सकाळपासून चाललं होतं. तीन पाय जागेवर आले. चौथ्याला पुठ्ठा जाड होत होता आणि कागद पातळ. शेवटी खिशात लग्नपत्रिका होती ती दुमडून घातली. बुडबुडा बरोबर मधे आला. स्वतःच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका टेबलाच्या पायाखाली घालणारा बाप मालवणात तरी मी पहिलाच असेन.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी जहाजावरची नोकरी सोडून नुकताच गावी आलो होतो. गावात मला कॅप्टन म्हणायचे. मी कॅप्टन नव्हतो, प्रवासी जहाजावर बारमधला स्टुअर्ड होतो, आणि हे मी प्रत्येकाला एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा मात्र कुणालाच सांगितलं नाही. तर या नोकरीत मी जन्मभर लोकांच्या ग्लासात ओतत आलो आणि एकच विद्या कमावली. आठवड्यातून एकदा जहाजावर मोठी मेजवानी असायची, आणि त्या रात्री पसरट तोंडाच्या काचेच्या पेल्यांचा मनोरा रचायचं काम माझ्याकडे असायचं. हे पेले म्हणजे बशीला दांडी लावल्यासारखे दिसतात. खाली पाच बाय पाच, त्यावर चार बाय चार, असं करत वर एकटा एक. वरच्या पेल्यात शॅम्पेन ओतली की ती भरून खालच्यात सांडते, ती भरून त्याच्या खालच्यात. खाली समुद्र हलतोय, वर मनोरा उभा आहे, आणि गोरे लोक टाळ्या वाजवतायत. टाळ्या मनोऱ्याला असायच्या, पण मी मान लववून त्या स्वतःकडे घ्यायचो.

या विद्येत रचण्याला फारसं महत्त्व नाही. रचता कुणालाही येतं. खरी कला हात काढून घेण्यात आहे. नव्या भरतीच्या मुलांना मी शिकवायचो, “पेला ठेवलास की हात असा काढ, की पेल्याला कळता कामा नये. झोपलेल्या पोराच्या मुठीतून बापानं हळूच बोट सोडवून घ्यावं ना, तसा.” मुलांना हे फार पटायचं. त्यांच्यात मला गुरुजी म्हणायचे.

आता हे सगळं माझ्या मुलीच्या लग्नात कशाला, असं कुणीही विचारील. दादानं विचारलंच. मी म्हटलं, “पोरीची हौस.” पोरीनं असली हौस कधी बोलून दाखवली नव्हती. हौस माझी होती, आणि तिला कारण घडलं ते असं.

लग्नाआधी पंधरा-वीस दिवस लग्न लावणारे गुरुजी घरी आले होते. म्हणजे दादाच्या घरी. माझं वेगळं घर नव्हतंच. माझी बायको सुनंदा गेली तेव्हा शर्वरी सहा वर्षांची होती. तेव्हापासून ती दादा-वहिनीकडेच वाढली. मी वर्षाकाठी दीड-दोन महिने यायचो, कधी चॉकलेटं, कधी बोलकी बाहुली घेऊन. तिचं वय मी जहाजावरून अंदाजानं मोजायचो, त्यामुळे दहावीच्या वर्षीसुद्धा तिला एक बाहुली मिळाली. काकाशी आणि काकीशी ती मालवणीत अरे-तुरे करत भांडायची. माझ्याशी शुद्ध मराठीत, ‘तुम्ही’ म्हणून, पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. मला ते तिचं शिक्षण वाटायचं.

गुरुजी म्हणाले, “कन्यादानाला जोडपं बसतं. वधूपिता विधुर असला तरी शास्त्राची आडकाठी नाही. बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचून एकटा बसू शकतो. नाहीतर काका-काकी बसतात. तुमच्या घरात ठरेल तसं.”

वहिनी आतून हात पुशीत आली. “भावजी, तुमीच बसा. बापूस जितो-जागतो आसताना आमी कशाक?”

मी मनातल्या मनात कमरेला सुपारी खोचून पाहिली. उंच, ठसठशीत सुनंदाची एवढीशी सुपारी. पण मला बसायचं होतं. मला फार बसायचं होतं. एवढ्या वर्षांत मुलीचं एक तरी कार्य माझ्या हातून व्हायला नको का? तरी मी मोठेपणानं म्हटलं, “शरूलाच विचारा.”

शर्वरी कोपऱ्यात फणसाच्या आठळ्या सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “काका-काकी बसतील.”

वहिनी काहीतरी बोलायला गेली. शर्वरीनं पुढची आठळी उचलली आणि पुन्हा तेच म्हणाली.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “मीसुद्धा हेच म्हणणार होतो.” आणि आवाज चढवून, जणू मूळ विषय तोच होता अशा थाटात जाहीर केलं, “संध्याकाळच्या स्वागत समारंभाला मात्र मी शॅम्पेन टॉवर उभा करणार!”

गुरुजींना शॅम्पेन हा देवीचा काही प्रकार वाटला असावा. त्यांनी हात जोडले.

वहिनीला मी कागदावर काढून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “आदीं शरूक घेवन माझ्या वाट्यांचो खेळ करी होतास, तसोच काय ओ?” मी जरा दुखावूनच सांगितलं की तो पोरखेळ होता, हे धंद्याचं काम आहे. मडगावला जाऊन पेले घेऊन आलो. एसटीत ते खोकं मांडीवर घेऊन बसलो, आणि कंडक्टर दोनदा म्हणाला तरी खाली ठेवलं नाही.

मग उभी राहिली शॅम्पेनची अडचण. मुलाकडचे पुण्याचे. कौस्तुभ मुलगा गुणी, त्याचे आईवडील सरळ, पण घरात शब्द चालायचा तो त्याच्या आजीचा. त्यांना सगळे माई म्हणत. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, आवाज खणखणीत. लग्नाच्या आदल्या दिवशी मंडळी उतरली आणि मी माईंपुढे जाऊन योजना मांडली.

“म्हणजे दारू,” माई म्हणाल्या.

“दारू म्हणता येणार नाही. द्राक्षांचा रस असतो. जरा आंबवलेला.”

“आमच्या शेजारचे गेले ते असलाच जरा आंबवलेला रस पिऊन गेले.”

“माई, नुसती शोभा असते हो.”

“शोभेला सरबत घाला. कोकमाचं घाला, तुमच्याकडे आहेच. आणि ते बूच उडवून आवाज बिवाज करू नका. मला आवडत नाही.”

अशी माझी शॅम्पेन कोकमावर आली. रंग तरी दिसतो त्यातला, अशी मी स्वतःची समजूत घातली. वहिनीनं मोठं पातेलं भरून सरबत केलं. मी ते तीन वेळा गाळायला लावलं, कारण सोलाचा एक तुकडा पेल्याच्या काठावर अडकला तर धार वाकडी जाते. तिसऱ्या वेळी वहिनी म्हणाली, “भावजी, माका वाटता ह्या सरबतापेक्षा तुमकाच गाळूक होया.”

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी कौस्तुभला बसवून हात कसा काढायचा ते प्रात्यक्षिकासह सांगितलं. झोपलेल्या पोराची मूठ, बापाचं बोट, सगळं. कौस्तुभ मन लावून ऐकत होता. शर्वरी मधेच पाणी आणायला म्हणून उठून गेली. पाण्याचा भरलेला तांब्या तिच्या पुढ्यातच होता. मला वाटलं, नवऱ्या मुलासमोर लाजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. मंगलाष्टकं झाली, मी चार अक्षता टाकल्या आणि गुरुजी कन्यादानाकडे वळताहेत असं दिसताच कोठीच्या खोलीत जाऊन पेले पुसायला बसलो. पेले पुसलेले होते. पण जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा घेऊन मी ते पुन्हा पुसले. माइकवरून गुरुजींचा आवाज येत होता. “काकांनी ओंजळ पुढे करावी. मुलीचा हात त्यावर. काकींनी पाण्याची धार धरावी.” मग वहिनीचा हुंदका माइकनं सगळ्या कार्यालयाला ऐकवला. माझ्या हातातल्या पेल्याची दांडी तुटली तेव्हा कळलं की मी तो एकच पेला इतका वेळ पुसतोय. दोन पेले मी जास्तीचे आणले होते, तेवढी अक्कल होती.

संध्याकाळी मी जहाजावरचा पांढरा कोट घातला. पितळी बटणांचा, बाहीवर सोनेरी पट्टी. जहाजावर तो कोट दिसला की लोक रिकामा ग्लास पुढे करायचे. मालवणात कौस्तुभच्या मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “काय हो, बँड कधी सुरू करणार?”

मी पहिला हुकूम सोडला तो पंखे बंद करायचा. वैशाखातलं मालवण, माणसं खच्चून भरलेली, आणि पंखे बंद. बायकांनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, “पदर जरा लांब!” दादा घाम पुशीत म्हणाला, “जना, माणसां मरतली रे.” मी हात वर करून त्याला गप्प केलं आणि रचायला लागलो.

खरं सांगतो, तो मनोरा फार सुंदर झाला. खालचा थर एकमेकाला काठ टेकवून बसवला. दुसरा बसला. तिसरा बसला. हात मी असे काढत होतो की पेल्यांनाच काय, हवेलाही कळलं नसतं. लोक वारा घ्यायचे थांबले. शेवटचा पेला वर ठेवला आणि मागे सरलो तर मागे शर्वरी उभी होती, हिरव्या साडीत, हातात गजरा धरून.

“झालं, बाबा?”

“झालं. पण तू लांबूनच बघ.”

ती लांब झाली. मुलीच्या लग्नात मुलीला लांब हो म्हणणारा बापही बहुधा मीच पहिला.

मग ती आणि कौस्तुभ स्टुलावर चढली आणि दोघांनी मिळून तांब्यानं सरबत ओतलं. वरचा पेला भरला, काठावर क्षणभर फुगला, आणि ओघळला. पहिला थर, दुसरा, तिसरा. लाल धारा काचांवरून उतरत सगळ्यात खालच्या कोपऱ्यातल्या पेल्यापर्यंत आल्या. टाळ्या पडल्या. मी मान लववली. दादासुद्धा टाळ्या वाजवत होता. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं, कार्यालयाला कुलूप लावायला हवं होतं.

“नैवेद्य दाखवलात का?” माईंचा आवाज आला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंड लावायचं नाही. आमच्याकडे पाणीसुद्धा नाही पीत.” असं म्हणत त्या काठी टेकत टेबलापाशी आल्या. मला वाटलं, बघायला आल्या. त्यांनी हात पुढे केला. वरच्या थरांपर्यंत तो पोचण्यासारखा नव्हता. पोचला तो खालच्या थरातल्या कोपऱ्यावरच्या पेल्यापर्यंत. त्यांनी त्याची दांडी धरली आणि चुलीतलं लाकूड ओढावं तसा तो सरळ ओढून घेतला.

वरचा पेला एका बाजूला किंचित कलला. त्यातलं थेंबभर सरबत सांडलं. आणि तो तसाच थांबला. मनोरा पडला नाही! एक पाय काढून घेतला तरी उभा! माई पेला घेऊन, एक थेंबही न सांडता, गणपतीच्या फोटोकडे निघाल्यासुद्धा.

मनोरा उभा होता. आता त्याला हात लावू नये, हे जगातल्या कुठल्याही मूर्खाला कळलं असतं. मी तर गुरुजी होतो. मी झेपावलो. त्या कललेल्या पेल्याला आधार द्यायला उजवा हात घातला आणि कोटाच्या बाहीवरचं पितळी बटण तिसऱ्या थरातल्या पेल्यात अडकलं. बटण सोडवायला डावा हात घातला. पुढचं मला दिसलं नाही, कारण मी डोळे मिटले. ऐकू मात्र सगळं आलं, आणि ते बराच वेळ येत होतं.

डोळे उघडले तेव्हा माझा पांढरा कोट लाल होता, मामांची सुरवार गुलाबी होती, आणि वहिनी ओरडत होती, “कोण अनवाणी आसा? हलू नका! पोरांका उचला!” दादा झाडू घेऊन आला. माझ्याकडे एकदा बघून तो पंखे लावायला गेला. त्या सगळ्या गोंधळात माई फोटोपुढे पेला ठेवून पाणी फिरवत होत्या. वळून म्हणाल्या, “काच फुटली तर चांगलंच असतं, इडापिडा जाते.” मग जरा थांबून, “पण एवढी कशाला फोडलीत?”

मी मुदपाकखान्याच्या मागे जाऊन पालथ्या घातलेल्या टोपावर बसलो. मला हसूही येईना, रडूही येईना. मुलीच्या लग्नात एकच काम मागून घेतलं होतं आणि त्याचा मी असा विचका केला होता. आत्ता एखादं जहाज बंदराला लागलं असतं तर कुठलं जातंय ते न विचारता मी चढलो असतो. मला तेवढं एक नीट जमायचं.

“इथे बसलात होय?” शर्वरी आली. पदर कमरेला खोचलेला, हातात स्टीलच्या वाट्यांची चळत, छातीपासून हनुवटीपर्यंत. पंगतीसाठी आणलेल्या, आमटीच्या.

“शरू, वाटोळं केलं मी तुझ्या लग्नाचं.”

“लग्न दुपारीच लागलं. तुम्ही फक्त मामांना गुलाबी केलंत.” तिनं अर्ध्या वाट्या माझ्या मांडीवर ठेवल्या. “चला. सरबत अजून पातेलंभर आहे.”

“वाट्यांचा टॉवर?”

“पूर्वी करायचो की.”

“तो पोरखेळ गं. आणि लोक आमटी कशात घेतील?”

“भातावर.”

ती चालायला लागली. मांडीवरच्या वाट्या घेऊन मी मागून गेलो, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

टेबल पुसून ठेवलं होतं. लोक आमच्याकडे बघत होते, पण आता पंख्यांचा आवाज मोठा होता आणि जो तो आपापल्या कपड्यांवरचे डाग दाखवत होता. आम्ही समोरासमोर उभे राहून वाट्या मांडायला लागलो. काठाला काठ. वाटी ठेवली की टण् असा आवाज यायचा. घरच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून ही चार-पाच वर्षांची असताना आम्ही असंच करायचो. वरून पाणी ओतायचो, आणि ते सगळीकडे पसरलं की सुनंदा उलथनं घेऊन यायची.

“कन्यादानाच्या वेळी कुठे होतात?” शर्वरीनं वाटीकडेच बघत विचारलं.

“पेले पुसत होतो.”

“वाटलंच मला.” तिनं दुसरा थर सुरू केला. “राग आला होता?”

“छे. दादा-वहिनीचाच मान तो. त्यांनी वाढवलं.”

“मी मान म्हणून नव्हतं सांगितलं.” तिनं आणखी एक वाटी काठाला काठ लावून ठेवली. “कन्यादान कसं असतं ते मला ठाऊक होतं. बापाच्या ओंजळीवर मुलीचा हात ठेवतात. मग पाणी सोडतात. आणि मग बाप हात काढून घेतो.”

“हो. तसंच असतं.”

“तुम्ही काल कौस्तुभला सांगत होतात ना, हात कसा काढायचा ते. झोपलेल्या पोराच्या मुठीतून.”

माझ्या हातातली वाटी हातातच राहिली.

“मी झोपले नव्हते, बाबा.”

सुनंदाचं तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो होतो. दारात रिक्षा थांबलेली. वहिनीच्या मांडीवर शर्वरी, आणि तिच्या मुठीत माझं बोट. मी ते इतकं हळूहळू सोडवून घेतलं, की वहिनीलासुद्धा कळलं नाही. पोर जराही हलली नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात सफाईदार काम, आणि त्याचा धडा करून मी वर्षानुवर्षं देशोदेशीच्या पोरांना शिकवत बसलो.

“काकीनं सांगितलं होतं, रडलीस तर बाबांची गाडी चुकेल,” शर्वरी म्हणाली. “म्हणून डोळे मिटून घेतले होते. मूठ पण मीच सैल केली. तुमचं बोट अडकत होतं.” तिनं वाटी ठेवली. टण्. “ते पुन्हा तुमच्या हातून नको होतं मला. एवढंच.”

मी रडलो. कोट आधीच ओला होता, त्यात आणखी थोडा झाला. तिला काहीतरी सांगावं असं फार वाटलं, पण जे तोंडात आलं ते हे : “त्या कोपऱ्यातल्या वाटीला पोचा पडलाय. बदल.”

तिनं बदलली.

वरची वाटी ठेवली आणि सगळा मनोरा डुलला. मी पाहिलं, तर टेबलच डुलत होतं. खाली सांडलेल्या सरबतात लग्नपत्रिका भिजून तिचा लगदा झाला होता, आणि तो टेबलाच्या पायाखालून सरकला होता. आता पुठ्ठा शोधायला वेळ नव्हता. मी गुडघ्यावर बसलो आणि टेबलाचा तो कोपरा खालून तळहातावर उचलून धरला. बुडबुडा बघायला पाणसळ नव्हती. शर्वरीच्या तोंडाकडे बघून वर-खाली केलं.

“बरोबर,” ती म्हणाली.

कौस्तुभनं पातेल्यातून तांब्या भरून दिला. शर्वरीनं ओतायला सुरुवात केली. सरबत एका वाटीतून दुसरीत उतरायला लागलं. स्टीलवर ते काचेसारखं दिसत नव्हतं. पन्हं सांडल्यासारखं दिसत होतं. सांडत-सांडत ते टेबलाच्या कडेवरून माझ्या मनगटावर आलं आणि बाहीतून कोपरापर्यंत गेलं. गार आणि चिकट. मी हात थोडा सैल केला, नुसता पकड बदलायला.

“हात काढू नको हां, बाबा,” शर्वरी ओतता ओतता म्हणाली.

“नाय काढणंय गो.”

माई पुढे आल्या. या वेळी त्यांनी विचारलं, “कुठली घेऊ?” शर्वरीनं वरची काढून दिली. मग दादा आला, वहिनी आली, गुलाबी मामा आले. लोक एकेक वाटी उचलत होते, आणि कोपरा हातावर हलका होत चालला होता. तरी मी तसाच बसून होतो.

फोटोग्राफर मला तीनदा म्हणाला, “काका, तुम्ही मधे येताय. जरा फ्रेमच्या बाहेर जाता का?”

मी गेलो नाही. अल्बममधल्या त्या पानावर मी आहे, टेबलाखाली, लाल कोटात.